बर्फ हवा, पण आभाळ नको!

भूम कुठे आहे, हे मला दर वेळी सांगावं लागतं. धाराशिव जिल्हा, बालाघाटच्या रांगांमधलं तालुक्याचं गाव, खव्यासाठी एकदम फेमस. बर्फ म्हणाल तर तो आमच्याकडे फक्त गारेगारच्या गाडीवर! तर अशा गावची पोरगी मार्चमध्ये आठवडाभर गुलमर्गला स्प्लिटबोर्डिंग करून आली म्हटल्यावर दोस्तमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला... ‘ते काय असतं?’

स्नोबोर्ड माहीत असेल. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधायचे आणि सुसाट घसरायचं. स्प्लिटबोर्ड म्हणजे तीच फळी, पण मधोमध उभी दुभंगणारी. चढताना दोन फळ्या दोन पायांना, टाच मोकळी. तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवायची. तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे फळी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. माथ्यावर पोहोचलात की पट्ट्या सोलायच्या, फळ्या जोडायच्या आणि खाली! तीन तास चढाई, उतरायला दहा-पंधरा मिनिटं. आमच्या ग्रुपमध्ये ठाण्याचा एक सीए होता, त्यालाही हा हिशेब शेवटपर्यंत जमला नाही. तरी रोज पहाटे पाचला सगळ्यात आधी तोच तयार.

मग गोंडोलानं का नाही जायचं? जा की. त्याचा दुसरा टप्पा २००५ पासून अफरवटच्या अंगावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. पण तिथल्या गोंडोलाखालच्या उताराची काळजी घ्यायला स्की पेट्रोल असतं. त्या हद्दीबाहेरचं सगळं ‘बॅककंट्री’. तिथे तुम्ही, तुमचा गाईड आणि डोंगर. २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराचे १७ जवान गेले, २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर. म्हणून आमचा पहिला अख्खा दिवस घसरण्यात नाही, शोधण्यात गेला. गाईडनं बर्फात एक बीकन पुरला आणि घड्याळ लावलं. आमच्या छातीवरच्या बीकननं सिग्नल पकडायचा, लांब सळईनं टोचून जागा नक्की करायची, मग फावडं. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती मोलाची. आम्हाला पहिल्यांदा बावीस लागली. कोणी काही बोललं नाही, परत पुरायला सांगितलं.

मार्चचा बर्फ मोठा लहरी. रात्री गोठून पत्र्यासारखा कडक, नऊ-दहाला वरचा थर मऊ झाला की बोर्ड लोण्यावर चालल्यासारखा चालतो, आणि दुपारी त्याचाच चिखल. ओला बर्फ सुटून खाली येण्याची भीती तेव्हाच. त्यामुळे अंधारात निघायचं आणि बाराच्या आत खाली यायचं. दुसरा-तिसरा दिवस असाच मस्त गेला.

तिसऱ्या संध्याकाळी गाईड मोबाइलवरचा अंदाज बघून खूश. पश्चिमी झंझावात येतोय, दोन दिवस ताजा बर्फ! सगळ्यांनी जोरात आरोळी ठोकली, मीही. अर्ध्या तासानं घरून फोन. ‘आभाळ आलंय बघ इकडं,’ आप्पा म्हणाले. ‘ज्वारी काढून पडलीय. कडबा झाकायचा राहिलाय.’

भूमध्य समुद्राकडून हिमालयात येणारे हे झंझावातच काश्मीरला बर्फ देतात. त्यांची बंगालच्या उपसागरावरून आलेल्या दमट वाऱ्यांशी गाठ पडली, की मराठवाडा-विदर्भात ऐन सुगीत गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोण विसरेल? मी कॉलेजला नुकती लागले होते. लिंबाखाली मेलेल्या चिमण्या आणि आडवी झालेली ज्वारी अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणजे मी ज्या ढगांसाठी पैसे भरून बसले होते, तेच ढग आप्पांना नको होते. त्या रात्री हॉटेलात बाकीचे पत्ते खेळत होते. मी दर तासाला दोन ठिकाणचं हवामान बघत होते.

चौथा, पाचवा दिवस खोलीतच. बाहेर पांढरं काहूर, लाइट गायब, कांगडीवर हात शेकणं. सहाव्या दिवशी कडकडीत ऊन आणि गुडघाभर कोवळा बर्फ! हिंजवडीचा आयटीवाला तर नाचायलाच लागला. वर जाऊन गाईडनं खड्डा खणला, बर्फाचा एक चौकोन कापला आणि वरून फावड्यानं हलकेच थोपटलं. चौथ्या थापेला वरचा थर सरळ सुटून आला. नवा बर्फ खालच्या गुळगुळीत थराला चिकटलाच नव्हता. ‘आज ऊपर नहीं.’ आयटीवाला कळवळून म्हणाला, ‘सर, परसों फ्लाइट है.’ गाईडनं फावडं दुमडलं आणि कहव्याचा थर्मास काढला. विषय संपला. मला तरी त्याचं हे न बोलणं सगळ्यात जास्त आवडलं.

मग आम्ही खालच्या झाडीत गेलो. हिमस्खलन बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणून गाईडनं त्याहून मंद उतार निवडला. देवदारांमधून वाट काढत, कमरेपर्यंत उडणारा बर्फ आणि जरासुद्धा आवाज नाही... अख्ख्या आठवड्यातली बेस्ट राइड ती! संध्याकाळी फोन लावला. गारा पडल्या नव्हत्या, पण पाऊस झालाच. ज्वारी ताडपत्रीखाली वाचली, अर्धा कडबा भिजून काळा पडणार. ‘जनावरं खातील तसाच,’ आप्पा म्हणाले, आणि मग, ‘तुझा बरफ पडला का?’

तुम्हाला जायचं असेल तर आधी स्नोबोर्ड नीट शिका. माझे त्यात दोन हिवाळे गेले. आणि तारखांचा भरवसा धरू नका. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, २०२५ चे खेलो इंडिया विंटर गेम्सही बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेले. परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा, सुट्टी दोन दिवस जास्तीची टाका. बोर्ड, बीकन भाड्यानं चालतील, बूट मात्र पायात नीट बसणारेच घ्या.