अडसर खरा हवा

प्रेमकथेच्या वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार हे त्याला मुखपृष्ठ पाहूनच कळतं आणि तसं झालं नाही तर तो लेखिकेला माफ करत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला निदान खुनी लपवता येतो. आम्हाला लपवायला काहीच नसतं. मग अडीचशे पानं वाचक कशासाठी वाचतो? प्रेमकादंबऱ्या लिहूनच मी पोट भरते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. वाचक अडसरासाठी वाचतो, असं माझं मत आहे. दोन माणसांना एकमेकांची ओढ आहे, तरी ती एकत्र येऊ शकत नाहीत. यामागचं कारण खरं असेल तर कादंबरी उभी राहते. कारण खोटं असेल तर चांदणं, पाऊस, तलावाकाठचा वारा, कशानेही ती सावरत नाही.

जुन्या मराठी प्रेमकादंबरीचा हुकमी अडसर म्हणजे गैरसमज. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, नायक नायिकेला दुसऱ्या पुरुषासोबत पाहतो आणि तो तिचा मामेभाऊ आहे हे त्याला शंभर पानांनी कळतं. पत्राला पोचायला चार दिवस लागत, तेव्हा हे चालून जाई. आता दोघांच्याही खिशात फोन आहे. एका वाक्यात मिटणारा घोळ घेऊन कादंबरी लिहायला बसलं, तर दुसऱ्याच प्रकरणात वाचक म्हणतो, अगं, विचार की त्याला सरळ! पुष्कळ लेखकांना फोन ही अडचण वाटते. मला तो मोठा उपकारकर्ता वाटतो. स्वस्तातला अडसर त्याने काढून घेतला आणि आम्हाला खऱ्या कारणांकडे ढकललं.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहिलं आणि कादंबरीलेखन हे शिकता येण्याजोगं तंत्र आहे, असं मराठीत ठासून सांगितलं. त्या पुस्तकावर टीका पुष्कळ झाली. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात फडके एका बाजूला आणि खांडेकर दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी आपण शाळेपासून ऐकत आलो. धंद्यात पडल्यावर मला ती मांडणी पुरेनाशी झाली. पेच कसा घालायचा, कुठे आवळायचा, कुठे सैल सोडायचा, हे मी फडक्यांकडून शिकले. पण पेच कशाचा घालायचा, हे कुठलंही तंत्र सांगत नाही. त्यासाठी आपण ज्या गावात राहतो, त्या गावात कान उघडे ठेवून फिरावं लागतं.

माझं गाव भोपाळ. १ नोव्हेंबर १९५६ ला ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून सरकारी नोकरीतली मराठी कुटुंबं इथे आली. माझे वडील त्यांतलेच, नागपूर सचिवालयातून आलेले. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेली आमची पिढी घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि जुन्या शहरात गेली की थोडी उर्दू बोलते. आईशी मराठीत सुरू झालेलं भांडण रंगात आलं की हिंदीत जातं. अशा गावात मराठी मुलगी प्रेमात पडते, तेव्हा बहुतेक वेळा ती हिंदीतच पडते. आता ही कादंबरी मराठीत कशी लिहायची?

पुण्यातले एक संपादक म्हणाले होते, सगळं मराठीतच लिहा, वाचकाला काय फरक पडतो? मला पडतो. जुन्या भोपाळातला मुलगा सदाशिव पेठेतली मराठी बोलू लागला की तो माझ्या डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. म्हणून निवेदन मराठीत ठेवायचं, त्याच्या तोंडी हिंदी ठेवायची, पण मोजकी आणि वाचताना अडणार नाही इतकी सोपी. एका कादंबरीत मी नायकाचं पहिलं मराठी वाक्य जवळजवळ शेवटापर्यंत राखून ठेवलं. ते तो नायिकेशी बोलत नाही. तिच्या आजीशी बोलतो, औषधाची वेळ झाली म्हणून. त्यात प्रेमाचा उच्चारही नाही. वाचकांची सर्वांत जास्त पत्रं त्या वाक्यावर आली. भाषा हाही अडसर असू शकतो. तो एकदम काढला तर वाया जातो, एकेक वाक्य करून काढला तर प्रत्येक वाक्याला वजन येतं.

माझ्या कामाची पद्धत फार गूढ नाही. लिहायला बसण्याआधी दोघांची माहिती एका वहीत उतरते: घर, नोकरी, कर्ज, आजारपणं, कोणाला कोणाची भीती वाटते, महिनाअखेरीला हातात किती उरतात. प्रेमकथेत पैशाचा हिशेब कशाला, असं नवे लिहिणारे विचारतात. ज्या मुलीच्या पगारावर धाकट्या भावाची फी अवलंबून आहे, तिचं प्रेम आणि जिच्यावर काहीच अवलंबून नाही तिचं प्रेम, ही दोन वेगळी प्रेमं आहेत. वहीत शेवटी मी एक प्रश्न लिहिते: ही दोघं आज संध्याकाळीच लग्न का करू शकत नाहीत? त्याचं उत्तर दोन ओळींत पटण्याजोगं देता येईपर्यंत पहिलं प्रकरण सुरू करायचं नाही, हा माझा नियम. कधी त्यात महिने जातात. बाहेरून पाहणाऱ्याला ते महिने रिकामे वाटतात. प्रत्यक्षात लिहिण्याचं निम्मं काम तेव्हाच उरकलेलं असतं.

भोपाळमध्ये या प्रश्नाची जी उत्तरं सापडतात, ती मला कल्पनेने कधीच सुचली नसती.

एक उत्तर कायद्यात आहे. दोन धर्मांतल्या माणसांना धर्म न बदलता लग्न करायचं तर १९५४चा विशेष विवाह कायदा. त्यात लग्नाच्या ३० दिवस आधी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि त्या मुदतीत कोणालाही कायद्यात दिलेल्या कारणांवरून हरकत घेता येते. ज्या घरात सांगितलेलंच नाही, त्या घराचं नाव एका सरकारी भिंतीवर महिनाभर लटकतं. कादंबरीकाराला यापेक्षा घट्ट चौकट कोण देईल? दोघांचा निर्णय झालेला, गैरसमज कुठलाच नाही, फोन सुरू आहेत, तरी ३० दिवस थांबायचं आणि त्या काळात कोण कधी तो कागद वाचेल, याचा नेम नाही. सध्या मी लिहिते आहे ती कादंबरी याच महिन्यात घडते.

दुसरं उत्तर लिहायला मला फार वर्षं धीर झाला नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्याने किती माणसं मेली, किती जन्माची आजारी झाली, यावर पुष्कळ लिहिलं गेलं. लग्नाच्या बाजारात त्याने काय केलं, यावर फार थोडं. कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरातली, छोल्याची, काझी कॅम्पची मुलगी म्हटली की स्थळाकडचे लोक गप्प होत. हिला मूल होईल का, झालं तर धड होईल का, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नसे आणि नकार मात्र येई. मुलीकडचे सांगत, त्या रात्री आम्ही गावातच नव्हतो. पण नुकसानभरपाईच्या दाव्याचे कागद घरात असत. बहुतेकांना सुरुवातीला २५ हजार रुपयांच्या आसपास मिळाले आणि ते घेण्यासाठी, आम्ही त्या रात्री इथेच होतो, हे सिद्ध करावं लागलं. एकाच घराने एका कचेरीत एक खरं सिद्ध करायचं आणि सोयरिकीच्या बैठकीत तेच लपवायचं.

या दुखण्यावर प्रेमकादंबरी लिहिणं योग्य आहे का, असं मला जवळच्या माणसांनी विचारलं. प्रेमकादंबरी हा हलका प्रकार आहे, हे त्या प्रश्नात गृहीत होतं. मी लिहिली. नायिकेचा श्वास जिना चढताना लागतो आणि तिने तो दमा म्हणून सांगितलेला आहे. अडसर इथे सासूच्या मनात नाही, नायिकेच्या छातीत आहे. त्यामुळे शेवटी तो दूर करण्याची सोयच नव्हती. एखादा मोठा डॉक्टर आणून तिला बरं केलं असतं, सासूला आजारी पाडून तिचं मन पालटलं असतं, तर ती त्या वस्तीतल्या बायकांची फसवणूक झाली असती. ती बरी होत नाही. मूल होईल की नाही, हे कादंबरी सांगत नाही. सगळं माहीत असलेला एक पुरुष तिच्यासोबत तिच्या वेगाने जिना चढतो आणि प्रत्येक मजल्यावर थांबतो. सुखान्त यालाच म्हणायचं, असं मला वाटतं: अडसर जागेवरच राहतो आणि दोन माणसं तो ओलांडतात.

शारीरिक प्रसंगांबद्दल मला नेहमी विचारलं जातं, म्हणून थोडं लिहिते. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी धरलं, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख अश्लील ठरवायचा म्हटलं तर तरुणांना धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचता येणार नाही, अशा अर्थाचं म्हणणं त्या निकालात आहे. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून राज खोसलांचा 'दो रास्ते' आला आणि देशभर चालला. ज्या लेखकाने आमच्यासाठी न्यायालयात इतकी वर्षं काढली, त्याच्यावर मराठी समीक्षेने किती पानं खर्च केली? मला हे सलतं. माझ्यापुरता नियम असा की, जवळिकीच्या प्रसंगानंतर दोघांमधलं काहीतरी बदललेलं असलं पाहिजे. काहीच बदललं नसेल, तर तो प्रसंग कितीही सोवळा असला तरी काढून टाकायचा.

दुपारी मी सकाळचं लिहिलेलं मोठ्याने वाचते. ही सवय मालती जोशींमुळे लागली. त्या जन्माने औरंगाबादच्या, घरच्या मराठी, लिहिलं मुख्यतः हिंदीत आणि आयुष्याचा मोठा काळ भोपाळात काढला. मध्यमवर्गीय घरातल्या नात्यांवर त्यांनी आयुष्यभर कथा लिहिल्या. जया बच्चन यांच्या 'सात फेरे' आणि गुलजार यांच्या 'किरदार' या मालिकांमध्ये त्यांच्या कथा आल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४च्या मे महिन्यात त्या गेल्या. हातात कागद न घेता त्या अख्खी कथा सांगत आणि ती त्यांना शब्दन् शब्द पाठ असे. त्यामागचं मर्म मला लिहू लागल्यावर उमगलं. जे वाक्य कथेला नको असतं, ते पाठ राहत नाही. मला पाठांतर जमत नाही, पण मोठ्याने वाचताना जिथे जीभ कंटाळते, तिथे मी लाल खूण करते. बहुतेक खुणा निसर्गवर्णनावर पडतात. बडा तालाब मला कितीही आवडत असला तरी त्याला कादंबरीत फुकट जागा देता येत नाही.

पूर्णवेळ लिहून भागतं का? मराठी कादंबरीची हजाराची आवृत्ती, ३०० रुपये किंमत आणि १० टक्के मानधन धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर ३० हजार रुपये होतात. एवढ्यावर वर्ष निघत नाही. म्हणून मी श्राव्य मालिका लिहिते, मोबाइलवर क्रमशः वाचल्या जाणाऱ्या कथांचे भाग लिहिते. भागांचं लेखन कमी प्रतीचं आहे, असं मी मानत नाही. रोजचा वाचक रोज सांगतो की अडसर कुठे पोकळ झाला आणि तो फारसा चुकत नाही.

हे सगळं मी ज्यांच्या पुस्तकांवरून शिकले, त्यांतली बरीच पुस्तकं आज मिळत नाहीत. कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, योगिनी जोगळेकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे. वाचनालयाची कादंबरी म्हणून हिणवलेल्या त्यांच्या पुस्तकांनी दोन पिढ्यांच्या बायकांच्या दुपारी भरून काढल्या. ती हाताळून फाटली, वाचनालयांनी ती बाद केली, पुढच्या आवृत्त्या अनेकींच्या निघाल्याच नाहीत. प्रेमकादंबरी शिकू पाहणाऱ्या मुलीला मी आज कोणतं पुस्तक उघडून दाखवू, की बघ, १९६५ साली हा पेच असा घातला होता? भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर, कुठल्याही मराठी घरात आईच्या किंवा आजीच्या कपाटात अशी पाठ निखळलेली कादंबरी असेल, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका. जवळच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला द्या, आणि त्यांनी घेतली नाही तर प्रेमकथा लिहू पाहणाऱ्या एखाद्या मुलीला द्या.