मुक्या पोटाचे दुखणे

सशाला ओकता येत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते. ते सरकणे थांबले की प्राणावर बेतते. तीन महिन्यांचे पिल्लू पाळणाऱ्या घराला हे उशिरा उमगते. पुढ्यातला पाला तसाच असतो, पिल्लू पाठीची कमान करून कोपऱ्यात बसलेले असते. ससा हा शिकार होणारा प्राणी. वेदना लपविणे हा त्याचा स्वभाव. तो कण्हत नाही, म्हणून त्याच्या लेंड्या वाचाव्या लागतात. मोठ्या, गोल, कोरड्या असल्या की कुशल; बारीक, वेड्यावाकड्या वा केसांत ओवल्यासारख्या असल्या की इशारा.

दुखणे पुनःपुन्हा उलटते, तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा मायेतच सापडते. चित्रपुस्तकातला ससा गाजर खातो. म्हणून घरातल्यालाही गाजर, बिस्कीट, पोळीचा तुकडा मिळतो. त्यातील साखर व पिष्ट आतड्यातील जिवाणूंचा समतोल ढळवतात. त्याला हवे असते वाळके गवत, रात्रंदिवस, आणि मुबलक पाणी. दहा-बारा तास त्याने तोंडाला काही लावले नाही, तर पशुवैद्याकडे नेणे उद्यावर टाकता येत नाही. माणसांच्या औषधपेटीतील गोळ्या तर त्याला देऊच नयेत. पेनिसिलिनसारखे औषध तोंडावाटे गेल्यास त्याच्या जिवावर उठते.

मायेला देण्याची घाई असते. येथे तिला हात आखडता घ्यावा लागतो. गाजरासाठी मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या पिल्लापुढे गवताची काडी धरणे मुलांना निष्ठुर वाटते. पण ते पिल्लू जगते त्या काडीवरच.