नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती

मुरबाड-शहापूरकडून कल्याणच्या बाजारात माल घेऊन येणाऱ्या मंडळींनो, दोन दिवसांची सवड निघाली तर एकदा भुसावळच्या गाडीत बसा. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक पुण्याचा, एक नाशिकचा. आपला नाशिकचा. भुसावळ, मलकापूर मागे पडले की बुलढाणा जिल्ह्यातले नांदुरा येते. भोवती कपाशीचा मुलूख, आणि नागपूरच्या जुन्या हमरस्त्यालगत मारुतीराय उभे आहेत, चांगले १०५ फूट उंच!

आपल्या वेशीवरचा शेंदरी मारुती कमरेएवढा. त्याला वाकून नमस्कार करायची आपली सवय. इथे मान वर करावी लागते. टोपी घालत असाल तर एका हाताने धरून ठेवा. डोंबिवलीतली दहा मजली इमारत डोळ्यांपुढे आणा, जवळजवळ तेवढी ही पांढरी मूर्ती. १९९९ साली ती उभी राहिली. अशा ठिकाणी मालट्रक थांबतो, मोटार थांबते, चहा होतो, नारळ फुटतो. त्यावर चार घरांची चूल पेटते.

ऑस्ट्रेलियात गोलबर्न नावाचे गाव आहे, मेंढ्यांच्या मुलखातले. तिथे १९८५ साली काँक्रीटचा मेंढा उभारला, सुमारे ५० फूट उंच, पोटात लोकरीचे प्रदर्शन. पण १९९२ साली हमरस्ता गावाबाहेरून गेला नि गिऱ्हाईक आटले. शेवटी २००७ साली आख्खा मेंढा उचलून नव्या रस्त्याजवळ नेऊन ठेवला!

हे आठवायचे कारण, २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पुरा झाला. नागपूरपासून ७०१ किलोमीटर, थेट आपल्या जिल्ह्यात भिवंडीजवळ आमण्यापर्यंत. बुलढाणा जिल्ह्यातून तो जातो खरा, पण मेहकर-सिंदखेडराजाच्या अंगाने. नांदुरा उत्तरेला दूरच राहते. ठाण्याहून नागपूरला निघालेली मोटार आता मारुतीपाशी कशाला येईल? मेंढा हलवला, पण ज्याने द्रोणागिरी उचलला त्याला उचलणार कोण? नारळवाल्याने पाटी घेऊन नव्या रस्त्यावर जावे, तर तिथे वाटेत कुठेही गाडी थांबवता येत नाही.

आगगाडी मात्र अजून नांदुऱ्यावरूनच जाते. शेगाव तिथून जवळच. गजाननमहाराजांच्या दर्शनाला निघालात तर अलीकडे नांदुऱ्याला उतरा, मारुतीला एक नारळ फोडा, चहा तिथेच घ्या. सगळ्या गाड्या मात्र तिथे थांबत नाहीत. कल्याणलाच चौकशी करून तिकीट काढा.