ढाबळ हलवली तेव्हा

2017 च्या दिवाळीनंतर आम्ही गच्चीवरची ढाबळ मोडली आणि कबुतरं बेडगच्या रस्त्याला आमचा मळा आहे तिथं नेली. मिरजेतल्या घरापासून मळा जेमतेम चार किलोमीटर. टेम्पोच्या दोन खेपांत फळ्या, जाळ्या आणि पक्षी सगळं जाऊन पोचलं. पण ढाबळ खऱ्या अर्थानं मळ्यात गेली, त्याला सव्वा वर्ष लागलं.

मी लग्न होऊन मिरजेला आले 1998 साली. पहिल्याच पहाटे जाग आली ती छतावरच्या घुमण्यानं. माहेरी सांगोल्याकडं कोंबड्या होत्या, शेरडं होती, पण हौसेनं कबुतरं पाळणारं घर मी पहिल्यांदाच बघत होते. सासरे रेल्वेत फिटर. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ड्युटीवरून आले की हातपाय धुवायचे आणि चहाच्या आधी गच्ची गाठायची. तिथं वीस-बावीस जोड्या होत्या. उंच उडून तासन्‌तास घिरट्या घालणारे गिरेबाज होते, मोरासारखं शेपूट फुलवणारे लक्का होते, पण आबांचा जीव होमरवर. होमर दिसायला साधा, जवळजवळ पारव्यासारखाच. त्याची किंमत सगळी परत येण्यात. आबा ओळखीच्या माणसाबरोबर पेटारा पाठवून द्यायचे, कधी किर्लोस्करवाडीला, कधी कराडला. तिथं सोडलेलं कबुतर आपल्या गच्चीवर किती वाजता उतरलं ते वहीत लिहायचं. वहीत तीन रकाने होते: कबुतर, सोडलं, घरी. पहिल्या वहीवर 1979 साल आहे.

वहीच्या मागच्या पानांवर जोड्यांचा हिशेब असायचा. अंडं कधी घातलं, पिल्लू कधी फुटलं, कुणाचं कुणाशी जमलं. एका पानावर पांढऱ्या लक्क्याची काळ्या होमरशी जोडी लागल्याची नोंद आहे. त्यांच्या नातवंडांत एक निळसर राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे असलेलं पिल्लू निघालं, अगदी देवळातल्या पारव्यासारखं. माझी मुलगी पुढं बीएस्सीला गेली तेव्हा तिनं सांगितलं, की डार्विननं 1855 पासून घरी कबुतरं पाळली होती, त्यालाही अशाच संकरातून पट्टेवाले निळे पक्षी मिळाले आणि सगळ्या जाती पारव्यापासूनच निघाल्या, हे त्यानं त्याच्या आधारानं मांडलं. आबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि ते पान मुलीकडून परत वाचून घेतलं.

2016 च्या पावसाळ्यात आबांना खोकला लागला. कोरडाच, पण हटेना. जिना चढताना धाप लागायची. आधी दम्याची औषधं झाली. मग सीटी स्कॅन आणि फुंकर मारून करायची तपासणी झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात पक्षी आहेत का?" कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, की काही जणांचं फुप्फुस तिच्यावर उलटतं. सूज येते, आणि संपर्क तुटला नाही तर फुप्फुसात व्रण धरतात. ते मग भरून येत नाहीत. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गोळ्या दिल्या, पण डॉक्टर म्हणाले, खरं औषध एकच आहे, कबुतरं लांब ठेवा.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "देऊन टाका." गिरेबाज आणि लक्का ओळखीच्या कबुतरवाल्यांना दिले. होमरच्या सहा जोड्या राहिल्या आणि तिथं माझा धीर सुटला. एकोणीस वर्षं मी त्यांना सकाळचं दाणापाणी करत होते. मी म्हटलं, आबा, मळ्यात ठेवते. मी बघते. तुम्ही यायचं नाही.

ते एवढंच म्हणाले, "पक्षी ऱ्हातील तिथं. पण त्यांचं घर हितंच ऱ्हाणार, पोरी."

मला वाटलं, सवय होईल. दीड महिना त्यांना मळ्यातल्या ढाबळीत कोंडून ठेवलं. खाणंपिणं उत्तम होतं. मग एका सकाळी दार उघडलं. बारा पक्षी उठले, दोन गिरक्या घेतल्या आणि सरळ मिरजेकडं गेले. संध्याकाळी घरी आले तर सगळे पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसलेले. ढाबळ नव्हती, फळी नव्हती, दाणा नव्हता, तरी बसलेले. आबा खाली अंगणात मान वर करून उभे होते. वर गेले नाहीत. मला म्हणाले, "अंधार पडल्यावर धर. अंधारात उडत न्हाईत." बॅटरी घेऊन मी एकेक उचललं. हातात घेतलं की छाती धडधडताना कळत होती.

टपालाच्या कबुतराची हीच तर खुबी. ओडिशा पोलिसांकडं 1946 पासून अशी कबुतरं आहेत हे आबा कौतुकानं सांगायचे. पण निरोप जातो तो फक्त कबुतराच्या घरच्या दिशेनं. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास, ओळखीच्या खुणा यांवर ते वाट काढतं, आणि आकाशात पहिल्यांदा उडताना जी जागा मनात बसली तिथंच परततं. मोठेपणी ती जागा बदलायला होमर सहसा तयार होत नाही. म्हणजे या बारा जणांना आता कायम आत ठेवायचं, आणि मळा ज्यांचं घर होईल अशी कबुतरं मळ्यातच जन्माला घालायची. दुसरी वाट नव्हती.

जानेवारीत मी जोड्यांना खण दिले. प्रत्येक खणात मातीची परळ, शेजारी खराट्याच्या आणि तंबाखूच्या काड्यांचा ढीग. तंबाखूच्या काड्यांनी घरट्यात उवा-गोचीड कमी होतात, आणि आमच्याकडं निपाणी जवळ असल्यानं त्या सहज मिळतात. नर एकेक काडी उचलून आणतो आणि मादीच्या पाठीवरून पुढं सरकवतो, ती बसल्याबसल्या अंगाखाली रचते. पहिलं अंडं बहुधा संध्याकाळच्या सुमाराला येतं, मधला एक दिवस जातो, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरं. पहिल्या अंड्यावर ती नुसतीच उभी राहते, खरं उबवणं दुसऱ्यानंतर. म्हणून दोन्ही पिल्लं जवळजवळ बरोबरीनं फुटतात. पाळ्या ठरलेल्या असतात. सकाळी दहाच्या आसपास नर येऊन बसतो, चारच्या सुमाराला मादी परत येते आणि रात्रभर बसते.

पहिल्या खेपेला माझंच चुकलं. मला राहवेना. दिवसातून चारदा डोकावायचे, रात्री बॅटरी मारून बघायचे. एका रात्री बिचकून मादी उठली, अंधारात तिला परत घरटं सापडलं नाही. सकाळी दोन्ही अंडी गार. घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा रागावले नाहीत. म्हणाले, "अंडं मोजायचं, हाताळायचं न्हाई. त्यांचं त्यांना कळतंय." तेव्हापासून मी सहाव्या दिवशी एकदाच, दुपारी नर बसलेला असताना, अंडं मोबाइलच्या उजेडासमोर धरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की परत ठेवायचं आणि सतराव्या-अठराव्या दिवसापर्यंत लांब राहायचं.

पिल्लू फुटतं तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर तुरळक पिवळी लव, आणि चोच अंगाच्या मानानं मोठी. त्याला दाणा चालत नाही. आईबापांच्या गळ्यातल्या थैलीच्या आतलं अस्तर जाड होतं, सुटतं, आणि त्याचा पनीरच्या चुऱ्यासारखा ओलसर लगदा तयार होतो. पिल्लू आपली चोच आईच्या, नाहीतर बापाच्या तोंडात खुपसतं आणि तो ओढून घेतं. हे दूध बापालाही येतं, हे बघून माझी जाऊ कितीतरी वेळ तिथंच उभी होती. पहिले तीन-चार दिवस फक्त हेच, मग हळूहळू भिजलेला दाणा. आठवड्यात पिल्लू ओळखू येत नाही इतकं वाढतं. त्याच सुमाराला पायात कडी घालावी लागते. पुढची तीन बोटं जुळवून कडीतून ओवायची, कडी वर सरकवत मागचं बोट पायाला चिकटवून धरायचं, आणि ते हळूच सोडवून घ्यायचं. दोन दिवस आधी घातली तर गळून पडते, दोन दिवस उशीर झाला तर जातच नाही. पहिली कडी घालताना माझे हात थरथरत होते, आणि पिल्लू चोच आपटून मला दटावत होतं.

मळ्यात नवे धोके होते. गच्चीवर मांजर आणि शिक्रा एवढंच भय. इथं धामण आली आणि एका रात्रीत दोन पिल्लं गेली. मग सगळीकडं अर्ध्या इंचाची जाळी लावली, फटी सिमेंटनं बुजवल्या. मानमोडीची लस कोंबड्यांसारखी थेंबानं देतो. पाणी रोज बदलायचं, भांडं घासून. दाण्यात ज्वारी, मका, गहू, मसूर, वाटाणा, आणि पिल्लं असताना कडधान्य जास्त. शिंपल्यांचा चुरा, विटेची खर आणि थोडं मीठ वेगळ्या वाटीत. ढाबळ कोरडी असेल तर निम्मे रोग येतच नाहीत, हे आबांचं वाक्य मी दारावर खडूनं लिहून ठेवलंय.

आणि जोड्या सहाच. एका जोडीची पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, की मादी पुढची अंडी घालते. होऊ दिलं तर वर्षात सहा-सात खेपा होतात. मग गर्दी, गर्दीतून रोग, आणि मादी नुसतीच झिजत जाते. म्हणून वर्षाला दोन खेपा झाल्या, की मी खरी अंडी काढून प्लास्टरची ठेवते. अंडी नुसती काढून घेतली तर मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते. खोट्या अंड्यांवर ती आपले दिवस भरते आणि तिला विसावा मिळतो. सुरुवातीला मला ही फसवणूक वाटायची. आता वाटत नाही. ज्यांना जागा आणि वेळ देता येणार नाही, त्यांना जन्माला घालणं जास्त वाईट.

साफसफाईचीही पद्धत बदलली. विष्ठा कोरडी खरवडायची नाही, आधी पाण्याचा हबका मारायचा म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला एन-95 मास्क, डोक्याला फडकं, अंगावर वेगळे कपडे. ते कपडे मळ्यातच धुवायचे. तिथंच अंघोळ करायची, मगच घरी यायचं. मीही वर्षाला एकदा छातीची तपासणी करून घेते. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून वाद पेटला, दादरचा कबुतरखाना झाकला, तेव्हा शेजारणीनं मला विचारलं, तू तर कबुतरांच्याच बाजूची असशील. मी तिला आबांचा जिना दाखवला. बारा पायऱ्या, आणि सहाव्या पायरीवर टेकायला ठेवलेला स्टूल. कबुतरं मला प्रिय आहेत, म्हणूनच ती वाटेल तिथं आणि वाटेल तेवढी असू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मळ्यात जन्मलेली पहिली पिल्लं मार्चमध्ये ढाबळीच्या पत्र्यावर येऊन बसली. ऊन कडक व्हायच्या आत ती मळ्याभोवती फिरायला लागली. मग पावसाळा गेला. थंडी पडल्यावर नवऱ्यानं गाडीवरून पेटारा न्यायला सुरुवात केली, आधी पाच किलोमीटर, मग दहा, वीस, चाळीस. 2019 च्या फेब्रुवारीत एका रविवारी तो सहा पक्षी घेऊन कराडला गेला आणि साडेआठला प्रीतिसंगमाजवळ पेटारा उघडला. पक्ष्यांच्या वाटेनं सत्तर-एक किलोमीटर. मी मळ्यात थांबले होते. कराडहून मळ्याकडं यायचं तर मिरजेवरूनच यावं लागतं. आबा नऊपासूनच अंगणात खुर्ची टाकून बसलेत, असं मुलगी फोनवर सांगत होती.

नऊ शेहेचाळीसला पहिलं पत्र्यावर उतरलं. पाठोपाठ तीन. दोन अकराच्या पुढं आले. मी लगेच घरी फोन लावला. मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "दिसली मला. दर्ग्याच्या अंगानं आली, आपल्या टाकीवरनं गेली." थोडं थांबले, श्वास घेतला. "खाली बघितलं पण न्हाई."

त्यांना वाईट वाटलं असेल का, ते आवाजावरून कळेना. वही आता माझ्याकडं असते, कारण जुन्या पानांचीही धूळ त्यांना नको. मी उघडली, कडीचा नंबर लिहिला, साडेआठ लिहिलं. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं. तिथं जवळजवळ चाळीस वर्षं आबांच्या अक्षरात एकच शब्द होता, आणि त्याचा अर्थ आमची गच्ची.

"आबा, ह्या रकान्याला आता काय म्हणू? मळा?"

"का?" ते म्हणाले. "घरीच लिही की."