इथं माती कुठं देतात?

2017 च्या मे महिन्यात आम्ही कुर्ल्याच्या चाळीतली खोली सोडून वांगणीला राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरलं, गॅस जोडला, पहिला चहा झाला. मिस्टर अम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गॅलरीत घेऊन गेले आणि लांबचे डोंगर दाखवू लागले. "बघा अम्मा, किती हवा आहे! आवाज नाही, गर्दी नाही." अम्मांनी डोंगर पाहिले, खालचा रिकामा रस्ता पाहिला आणि विचारलं, "ते सगळं खरं रे बाबा. पण इथं माती कुठं देतात?"

मला रागच आला. नव्या घरात पाऊल टाकलं नाही तोच मय्यतीची गोष्ट! पण उत्तर आमच्याकडे नव्हतं. घर घेताना आम्ही सगळं पाहिलं होतं. पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती मिनिटांवर, हप्ता किती बसतो. उर्दू शाळेत तीन वर्षं मी शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढली होती. पूर्ण पगार सुरू झाला तेव्हा कुठं बँकेनं दारात उभं केलं. त्या कर्जात कुर्ल्याला एक मोरीही मिळाली नसती. वांगणीला दोन खोल्या आणि गॅलरी मिळाली. कब्रस्तानाचं मात्र आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

वांगणी म्हणजे कर्जतच्या मार्गावर बदलापूरच्या पुढचं आणि शेलूच्या अलीकडचं स्टेशन. जिल्हा ठाणे, तालुका अंबरनाथ, कारभार ग्रामपंचायतीचा. मुंबईपासून सुमारे 80 किलोमीटर. पावसाळ्यात इमारतीच्या मागं भाताची खाचरं आणि रात्रभर बेडकांचा आवाज. सकाळी आठनंतर सोसायटीत उरतात ती म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जिन्याखाली झोपलेली कुत्री. बाकी सगळं गाव गाडीत असतं.

मीही गाडीतच असे. फजरची नमाज पढून, डबा भरून अंधारात स्टेशन गाठायचं. एक गाडी चुकली की पुढचीसाठी अर्धा-पाऊण तास उभं राहायचं आणि शाळेत मस्टरवर लाल शेरा घ्यायचा. जाण्यायेण्याचे मिळून तीन तास. महिलांच्या डब्यात मी शेकडो वह्या तपासल्या, लसूण सोलला, रमजानमध्ये अंबरनाथ-बदलापूरच्या दरम्यान खजुरानं रोजा सोडला. समोरची बाई न सांगता पाण्याची बाटली पुढं करायची. दसऱ्याला आमच्या डब्याला तोरण लागायचं, त्याची वर्गणी मीही देत असे. डब्यातल्या बायकांच्या सासवांची दुखणी मला पाठ होती. आमच्या मजल्यावर कोण राहतं, हे मात्र दोन वर्षं मला धड माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मनाला टोचत होती. उर्दू शाळेत घालायचं तर लेकीलाही गाडीच धरावी लागली असती. मग तिचं नाव जवळच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घातलं. शाळा चांगली, बाई मायाळू. पण मी बी.एड.ला उर्दू अध्यापन पद्धती शिकलेली, दुसऱ्यांच्या साठ मुलांना रोज शुद्धलेखन घालणारी, आणि माझ्याच पोरीला अलिफ-बे येऊ नये? रविवारी शिकवीन म्हणायची. रविवार कपडे धुण्यात जायचा. शेवटी अम्मांनीच पाटी काढली. त्या स्वतः उर्दू चौथी शिकलेल्या. दुपारी दादी-नातीचा मदरसा भरायचा, असं मला नुसतं कानावर यायचं.

वांगणीची बातमी होते ती एरवी नाहीच, संकटातच होते. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीला पूर आला आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पुढं 17 एप्रिल 2021 ला आमच्याच स्टेशनवर एका अंध आईचं लेकरू रुळांवर पडलं. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावले आणि त्यांनी ते लेकरू उचललं. मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या माऊलीला देऊ केली. तेव्हा लोकांना कळलं की, गाडीत पेन, किल्ल्यांच्या साखळ्या, मोबाइलची कव्हरं विकणारे शेकडो अंध भाऊबहीण वांगणीत राहतात. भाडं परवडतं आणि स्टेशन जवळ, म्हणून. आमच्या मागच्या चाळीत असंच एक जोडपं होतं. त्यातल्या भावांकडून मी कित्येकदा लाल पेन घेतले होते. ते माझे शेजारी आहेत, याचा मला पत्ताही नव्हता.

तो पत्ता मला लॉकडाऊनमध्ये लागला. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि पहिल्यांदाच मी दिवसाउजेडी वांगणीत राहिले. घरात एक मोबाइल. सकाळी त्यावर माझा वर्ग, दुपारी लेकीचा अभ्यास. तेव्हा पाहिलं, अकराच्या सुमारास अम्मा झाकलेलं भांडं घेऊन जिना उतरतात. गाडी बंद म्हणजे त्या अंध घरांची कमाईच बंद. अम्मांनी रमजानची वाट पाहिली नाही. समोरच्या दाराच्या काकूंना घेऊन घरोघरी तांदूळ-डाळ गोळा केली. भाजीवाली त्यांना "अम्मी" म्हणत होती. पेनवाले भाऊ काठीच्या आवाजावरून "अम्मा, आज उशीर?" असं विचारत होते. तीन वर्षांत त्यांनी एवढं गाव जोडलं होतं. आणि आम्ही काय समजत होतो, तर बिचाऱ्या दिवसभर घरात एकट्या बसून असतात!

ऑक्टोबर 2020 मध्ये महिलांना लोकल खुली झाली. पुढं शाळा उघडली, आणि मी पुन्हा गाडीत.

2023 च्या हिवाळ्यात, पहाटे चारच्या सुमाराला अम्मा गेल्या. रात्री जेवल्या, नातीला दुआ पढून दाखवायला लावली आणि झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. पहिला हुंदका ओसरला आणि सहा वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आमच्यासमोर येऊन उभा राहिला. माती कुठं द्यायची? कुर्ल्याला नेायचं तर तिथली खोली आम्ही विकलेली, जमातीच्या यादीतलं नाव गेलेलं. महाडकडच्या गावी नेायचं तर तिथं घर बंद, रस्ता लांबचा. शेजारच्या गावात कोकणी मुसलमानांची जुनी जमात आहे, कब्रस्तान आहे. पण कब्रस्तान जमातीचं असतं. परक्या माणसानं पहाटे जाऊन जागा मागायची ती कोणत्या तोंडानं?

कफन काढायला मी अम्मांची पेटी उघडली. जमजम शिंपडून ठेवलेलं कफन सगळ्यात खाली होतं. त्याच्या घडीत एक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पावत्या. शेजारच्या गावच्या जमातीच्या वर्गणीच्या पावत्या, 2018 पासून दर वर्षाची एक. माझी नजर भरून आली होती, अक्षर दिसेना. आठ वर्षांची लेक शेजारी येऊन उभी राहिली. पावतीच्या मागं अम्मांचं थरथरतं उर्दू अक्षर होतं. ते एकेक हरफ जुळवत ती वाचू लागली. चार नावं होती. अम्मांचं, तिच्या अब्बांचं, तिचं आणि माझं.

माझ्या पोरीला उर्दू वाचता येतं, हे मला त्या पेटीजवळ कळलं.

मिस्टर पावती घेऊन गेले. तिथल्या बुजुर्गांनी पावतीकडं पाहिलंसुद्धा नाही. "दर जुम्याला येणाऱ्या अम्मा का? अरे, मग विचारता काय?" म्हणाले आणि पोरांना कबर खोदायला पाठवलं. त्याच गावच्या तीन बायका रिक्षानं आल्या, त्यांनी माझ्याबरोबर गुस्ल दिला. त्यांच्यातल्या एकीच्या बाळंतपणात अम्मा रात्रभर बसल्या होत्या, हे मला त्या दिवशी समजलं. समोरच्या काकूंनी आमच्या घरचा चहा करू दिला नाही, स्वतःच्या घरून आणला. जनाजा उठला तेव्हा पेनवाले भाऊ जिन्यापाशी उभे होते. कुणीतरी त्यांचा हात धरून खाटेला लावला. त्यांनी खांदा दिला आणि नाक्यापर्यंत चालत गेले. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी गॅलरीत उभी राहून पाहत राहिले. सहा वर्षं ज्याला मी रिकामा रस्ता म्हणत होते, तो माणसांनी भरला होता.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. कर्ज माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. पण मी वांगणीत फक्त झोपायला येत होते. राहत होत्या त्या अम्मा. आम्ही शांतता विकत घेतली आणि तिलाच घर समजून बसलो. अम्मांना पहिल्याच दिवशी कळलं होतं की, जिथं आपली माती कुणी स्वीकारणार नाही, तिथं नुसत्या भिंती असतात. म्हणून त्यांनी तो प्रश्न आम्हाला दुसऱ्यांदा विचारला नाही. त्याचं उत्तर त्या स्वतःच शोधत राहिल्या, पायी, काठी टेकत.

पुढच्या वर्षीची वर्गणी भरायला एका रविवारी मी लेकीला घेऊन गेले. कपडे तसेच भिजत ठेवले. वहीवर बसलेल्या चाचांनी चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाच्या?"

मी शाळेचं नाव सांगणार होते, सोसायटीचं सांगणार होते. तेवढ्यात लेकच म्हणाली, "दादींच्या."

चाचांनी वही पुढं ओढली. चार नावांतलं एक खोडलेलं होतं. खालची तीन त्यांनी न विचारता लिहून घेतली.