वहिवाट

श्रावण उतरणीला लागला की आमच्या वाडीत एक वास सुटतो. तुटलेल्या रानमोडीचा. उग्र, हिरवा, घशाच्या तळाशी जाऊन बसणारा. लहानपणी गुडघा फुटला की हाच पाला तळहातावर चुरडून त्याचा रस जखमेवर पिळत आणि झणझणून डोळ्यांत पाणी येई. आजही पाखाडीच्या वळणाआडून तो वास आला की आधी माझा डावा गुडघा जागा होतो, मग मी. वाट बेणायला घेतली वाटतं, असं मनात येतं आणि पावलं आपोआप भरभर पडू लागतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्याच्या उतारावर आमची वाडी आहे. खाली भाताची खाचरं, मध्ये घरं, वर उघडा कातळ. ही तिन्ही माणसांच्या जगण्यात एकत्र आली ती एका वाटेमुळे. खाचरांच्या बांधावरून ती निघते, पऱ्यावरचा साकव ओलांडते, मग जांभ्याच्या पायऱ्या चढू लागते. इथून पुढे तिचं नाव पाखाडी. दोन्ही अंगांना गडगे, गडग्यांवर शेवाळ, शेवाळात नेचे, आणि नेच्यांच्या मुळाशी पावसाळाभर ठिबकणारं कुणाच्या तरी परसातलं पाणी. जांभा जमिनीच्या पोटात असतो तोवर मऊ असतो, हत्याराने तासता येतो. वारा-ऊन लागलं की कठीण होत जातो. पण पावलांपुढे त्याचंही काही चाललेलं नाही. प्रत्येक पायरी मधोमध खोलगट झाली आहे, जणू दगडाने ओंजळ धरावी. पाऊस थांबला की त्या ओंजळींत पाणी उरतं, पाण्यात आभाळ उरतं, आणि खालून वर पाहिलं तर आभाळाचे तुकडे एकावर एक रचत कुणीतरी वर गेलंय असं वाटतं.

कोण गेलं असेल?

डोक्यावर भाताचे भारे घेतलेल्या बायका. गुरं. बाळंतिणीकडे निघालेली सुईण. शाळेतली पोरं, मुंबईला निघालेले तरुण, पोटाशी पत्र्याची ट्रंक धरून. डोलीतून खाली नेलेले आजारी, आणि त्यांतले परत वर न आलेले. दगड कुणाचं नाव ठेवत नाही, पण वजन ठेवतो.

पाखाडी संपते ती आमच्या खळ्यात. खळं आमचं, वाट सगळ्यांची. ओटीवर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपासून चार हातांवरून दिवसभर गाव जायचं. कुणी हाक मारून, कुणी नुसती मान हलवून. जेवायला बसलो असताना कुणी गेलं तर आजी पानावरून मान वर न करता पावलांच्या आवाजावरून नाव सांगायची. खळ्याच्या वरच्या अंगाला बेडं होतं. दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब, भोकांतून सरकवलेले आडवे बांबू. माणसाने एक बांबू सरकवावा, वाकून पलीकडे जावं, बांबू पुन्हा लावावा. गुरांना अडवायचं, माणसाला नाही, एवढंच त्याचं काम. बेड्यापलीकडे कलमं, आणि कलमांच्या पलीकडे काकीचं घर सोडलं की एकदम सगळं उघडं. सडा.

सड्यावर वाट दिसत नाही. तिथे माती नाही, झाड नाही, दगडाला पायरी नाही. पण तिन्हीसांजेला सूर्य आडवा झाला की काळ्या कातळावर एक झिलई चमकते, हातभर रुंद, डुलत डुलत पलीकडच्या गावाच्या दिशेने गेलेली. पावलांनी दगडाला आणलेलं तेज. भाद्रपदाच्या सुमाराला तिच्या दोन्ही अंगांना सीतेची आसवं फुलतात. कातळावर जांभळं धुकं उतरावं तशी. मधली वाट तेवढी कोरडी राहते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळात खोदलेली चित्रं सापडली आहेत. माणसं, मासे, हत्ती. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही ती गेली. आमच्या सड्यावर चित्र नाही. तरी ती चित्रं पाहिली की मला खोदणारा हात आठवत नाही, पाय आठवतात. तो खोदणाराही खालच्या पाण्यापासून वरच्या दगडापर्यंत रोज कुठल्यातरी वाटेने चढला असणार. चित्र उरलं आणि वाट मोडली, असंही झालं असेल. किंवा वाट अजून चालू आहे आणि तिच्यावरून आपणच जातोय.

वाट मोडते, हा आमच्याकडचा शब्दप्रयोग. हाडासारखी मोडते, मोडल्याचा आवाज मात्र येत नाही. एक पावसाळा कुणी फिरकलं नाही की रानमोडी दोन्ही अंगांनी वाकून एकमेकींच्या गळ्यात पडतात, घाणेरी काटे पसरते, गडग्याचा एखादा चिरा घसरतो, घसरलेल्या चिऱ्याशी माती अडते, मातीत रोप रुजतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या रोपाचं झाड होतं. तिसऱ्या पावसाळ्यात इथे वाट होती हे सांगायला माणूस लागतो.

म्हणून वाट बेणायची. गणपतीच्या आधीचा आठवडा, घरटी एक माणूस. कमरेला आकडी, आकडीत कोयती. पाऊस आला तर अंगावर घ्यायचा. खालच्या साकवापासून सुरुवात. जुना साकव माडाच्या ओंडक्यांचा होता, धरायला बांबू, आणि पाऊस लागण्याआधी दर वर्षी तो नव्याने बांधावा लागे. आता सिमेंटचा आहे. पायऱ्यांवरचं शेवाळ खोऱ्याने खरवडायचं, फारच निसरडं असेल तिथे माडाच्या झावळ्या अंथरायच्या. दोन्ही बाजूंचं रान छाटायचं. आणि मग डोक्यावरचं.

डोक्यावरच्या छाटणीचं माप मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. वाडीतल्या सर्वांत उंच पोराच्या डोक्यावर पाट द्यायचा, पाटावर घागर उभी करायची, आणि त्याला खालून वर चालवत न्यायचं. घागरीला जी फांदी लागेल ती तोडायची. कारण आठ दिवसांनी याच वाटेने गणपती यायचा होता, डोक्यावरून, पाटावर बसून, तोंडावर रुमाल घेऊन. त्याच्या मुकुटाला ओला पाला लागू नये एवढं उंच आभाळ मोकळं करायचं. मी चौदाव्या वर्षी तो पोरगा झालो. डोक्यावर घागर, मान ताठ, नजर फक्त समोर, आणि पाठीमागे कोयत्यांचे सपासप आवाज. माझ्या उंचीएवढी आणि वर देवाएवढी, अशी वाट माझ्यामागे उघडत येत होती. तेवढं महत्त्वाचं मला पुढे आयुष्यात फार कमी वेळा वाटलं.

तलाठ्याच्या दप्तरातल्या गावनकाशावर ही वाट आहे. गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात, पायवाट एकाच तुटक रेषेने. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती रेषा मला धावदोऱ्याच्या टाक्यांसारखी वाटली. आजी गोधडीला घालायची तशी. शिवण दिसते, न दिसते, पण तिच्यामुळेच तुकडे धरून राहतात. कायद्यात या वाटांसाठी बरंच काही आहे. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा वीस वर्षांच्या बिनहरकत वापरातून हक्क उभा राहतो असं मानतो. १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत दाद मागा म्हणतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतलं १४३ वं कलम बांधावरून शेतात जायच्या वाटेचा निवाडा तहसीलदाराकडे देतं. हे सगळं मी गरज पडली तेव्हा शिकलो. पण त्या कोरड्या कागदांत एक शब्द वारंवार भेटला आणि दर वेळी मी त्याच्याशी थबकलो. वहिवाट. मालकी सातबाऱ्यावर असते, वहिवाट पायांत असते. आणि त्या शब्दाच्या पोटात वाट आहे, ती चालू आहे.

आमच्या घरानेही एकदा वाट बंद केली होती.

हे सांगायलाच हवं. मी सातआठ वर्षांचा असेन. मोकाट गुरांनी कलमांची कोवळी पालवी दोन वर्षं खाल्ली, आणि आजोबांनी वैतागून बेड्याच्या जागी गडगा घातला. छातीएवढा, सरळ. वाडीने काही म्हटलं नाही. माणसं पलीकडच्या घळीतून वळसा घालून जाऊ लागली. खळ्यातून पावलं थांबली. आजी जेवताना मान वर करून दाराकडे बघायला लागली, ते मला आठवतं.

मग शिमगा आला. पालखी घरं घेत घेत वर चढत होती. ढोल आधी ऐकू येतो, मग ताशा, मग माणसांचा कल्ला, मग पाखाडीच्या वळणावर चांदीची रूपं उन्हात लखलखतात. पालखी आमच्या खळ्यात आली, नाचली, आजीने ओटी भरली, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पुढचं घर वरच्या अंगाला, काकीचं, कलमांपलीकडे. भोई वळले आणि नेहमीच्या ठिकाणी गेले. गडग्यासमोर जाऊन उभे राहिले. कुणी मागे वळून आमच्याकडे पाहिलं नाही. कुणी घळीकडे वळलं नाही. ढोल थांबला नाही. खांद्यांवर पालखी मंद झुलत होती, जशी वाट बघत असलेली आई पायावरच्या मुलाला झुलवते.

आजोबा ओटीवरून उतरले. अंगावर धुवट सदरा होता, सणाचा. त्यांनी वरचा चिरा दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला माझे काका धावले, आजोबांनी त्यांना मानेनेच नको म्हटलं. चिरा जड असतो. सदऱ्याला लाल धूळ लागत गेली. किती वेळ गेला मला सांगता येत नाही, पण ढोल एकाच लयीत वाजत होता आणि त्या लयीत आजोबा वाकत होते, उभे राहत होते. शेवटचा थर उरला तेव्हा ते बाजूला झाले आणि त्यांनी हात जोडले. पालखी त्यांच्या छातीला घासून गेली.

त्या रात्री त्यांनीच नवे बांबू तोडून आणले.

आता डांबरी रस्ता वाडीला मागून येऊन भिडला आहे. तीन किलोमीटरचा वळसा, पण मोटारसायकलला वळसा वळसा वाटत नाही. सोळापैकी नऊ घरांना कुलूप आहे. बेणायच्या दिवशी मुंबईहून पैसे येतात, आणि दोन माणसं गवत कापायचं यंत्र घेऊन दुपारपर्यंत काम उरकतात. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्यामुळेच वाट अजून आहे. फक्त ते वर बघत नाही. डोक्यावरच्या फांद्या अजून कोयतीनेच तोडाव्या लागतात, आणि पाटावर घागर घ्यायला वाडीत चौदा वर्षांचा पोरगा नाही. गेल्या साली मीच घेतली. माझं वय विचारू नये.

काकीच्या घरापलीकडची, सड्याला लागून असलेली जमीन विकली गेली. मालक वाडीतल्या कुणी पाहिलेला नाही. एका उन्हाळ्यात सिमेंटचे खांब आले, काटेरी तार आली, आणि वाट तारेखाली गेली. अर्ज झाला, सहा महिन्यांच्या आत झाला, जागेची पाहणी झाली. पाहणीला आलेल्या साहेबांनी सरळ विचारलं, या वाटेने आता जातं कोण? प्रश्न योग्य होता. आम्ही सातआठ जण उभे होतो आणि आमच्यात कुणी बोललं नाही. साहेबांनी खाली कातळाकडे पाहिलं. ऊन उभं होतं, झिलई दिसत नव्हती.

त्या दिवसापासून वाडीतलं कुणी ना कुणी रोज सड्यावर जातं. काम नसलं तरी. काकी सत्तरी ओलांडलेली, तीही जाते, काठी टेकत, वर पोचून जरा बसते आणि परत येते. मला राग येतो तारेचा, आणि लगेच आजोबांचा धुवट सदरा डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो राग पुरता पेटत नाही. खांब पुरणाऱ्या माणसालाही गुरांचा वैताग असेल. त्याच्या दारात अजून पालखी आलेली नाही, एवढंच. तूर्त त्याच्या राखणदाराने दोन खांबांमधली तार सोडून ठेवली आहे. अंग चोरून एक माणूस जाईल एवढी. पालखी जाणार नाही. शिमगा सहा महिन्यांवर आहे.

यंदा बेणणं झालं तसा मी काकीकडे गेलो. ती पायरीवर बसली होती.

“रस्त्यानं आलास का वाटेनं?”

“वाटेनं.”

तिने माझ्या पायांकडे बघून घेतलं. पोटऱ्यांपर्यंत लाल चिखल, त्याला चिकटलेला गवताचा चुरा. मग ती उठली आणि पाणी आणायला आत गेली. पाऊस थांबला होता, कलमांवरून थेंब पडत होते, हाताला रानमोडीचा वास होता. खालून बेड्याचा बांबू सरकल्याचा आवाज आला. मी कान दिला. कुणीतरी वाकून आत आलं असावं, कारण जरा वेळाने बांबू पुन्हा खांबात बसल्याचा आवाज झाला, खट्. आणि मग पावलं, वर येणारी. आतून काकीने नाव सांगितलं.