बोळ्याने दूध

‘आम्ही काही बोळ्याने दूध पीत नाही,’ असे एखादा तावातावाने म्हणतो, तेव्हा आपण तितके भोळे नाही एवढेच त्याला सुचवायचे असते. आमच्या वर्गातही हे वाक्य अधूनमधून कानी पडते. उशिरा आलेल्या मुलाने एस.टी.चे कारण पुढे केले की सरांच्या तोंडून ते हमखास निघते. (एस.टी. खरोखरच उशिरा येते, हा भाग वेगळा.) पण मला या वाक्प्रचाराची एक गंमत वाटते. त्यात पिणारा आहे, पाजणारा कुठेच नाही. कापडाचा एवढासा बोळा दुधात भिजवायचा, मिटलेल्या तोंडात हलकेच सरकवायचा, दूध पोटात जाईल पण श्वासनळीत उतरणार नाही अशा बेताने तो दाबायचा, आणि हे दिवसरात्रीतून दहा-दहा वेळा करायचे, या सगळ्या खटाटोपाची भाषेने काही दखल घेतलेली दिसत नाही. मला ती गेल्या मार्गशीर्षात घ्यावी लागली.

आमचे गाव बीड जिल्ह्यात. दसरा झाला की आई आणि अण्णा ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, त्या हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत घराचे तोंड दिसत नाही. मागे उरतो आम्ही तिघी : आजी, मी आणि आमची काळी उस्मानाबादी शेळी. त्या वेळी शेळीला एक करडूही होते. शेळी दूध द्यायची अर्ध्या लिटरच्या आतबाहेर. त्यात करडाचा वाटा, आजीचा दोन वेळचा चहा आणि उरलेच तर माझा. या हिशेबात चौथ्या तोंडाला जागा नव्हती.

ते चौथे तोंड शेजारच्या कडब्याच्या गंजीत सापडले. दोन दिवसांपूर्वी रस्त्यावर एक मांजरी वाहनाखाली मेलेली सगळ्यांनी पाहिली होती. गंजी हलवताना खाली तिची दोन पिले निघाली. एक पहिल्याच रात्री गेले. दुसरे राहिले ते लालसर, कान डोक्याला चिकटलेले, डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे आठ-दहा दिवसांचे असावे. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले तर दीडशे ग्रॅम भरले. दुकानदार म्हणाला, “पावशेरसुद्धा नाही की गं!”

ते ओरडत होते, पण तोंडाला दूध लावले की तोंड घट्ट मिटून घ्यायचे. भुकेने मरणारा जीव अन्न का नाकारतो, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी त्याला पिशवीत, फडक्यात गुंडाळून तालुक्याला नेले आणि कॉलेज सुटल्यावर जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे एक पोट फुगलेली म्हैस, दोन बैल आणि त्यांचे मालक रांगेत होते. माझी पिशवी पाहून एकाने विचारले, “ताई, कोंबडी हाय का?” पिलू बाहेर काढल्यावर सगळी रांग हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पिलाच्या तोंडात करंगळीचे टोक घातले आणि म्हणाले, “थंड आहे. थंड पिलाला पाजायचं नाही. आधी ऊब, मग दूध.”

पहिल्या काही आठवड्यांत मांजराच्या पिलाला स्वतःचे अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. अंग गार पडले की पोटाचे कामही थांबते. तशात घातलेले दूध पचत नाही, तसेच पडून राहते. म्हणून ते तोंड मिटते, त्यात हट्ट काही नसतो. डॉक्टरांनी आणखीही सांगितले. तान्ह्या बाळासारखे त्याला उताणे धरायचे नाही. आईला लुचताना ते पोटावरच असते, तसेच धरायचे, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. गाईचे दूध नको, त्याने हगवण लागते. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि चरबी जास्त असते. पिलांसाठी दुधाची खास भुकटी मिळते, पण ती मोठ्या शहरात. तोवर शेळीचे दूध आणि त्यात थोडा अंड्याचा पिवळा बलक. दर दोन-तीन तासांनी तीन-चार मिलिलिटर, रात्रीसुद्धा. आणि प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर ओल्या कापसाने त्याची शी-शूची जागा पुसायची. आई जिभेने चाटते तेव्हाच ते होते, एरवी तुंबून राहते. शेवटी त्यांनी सुई काढलेली एक छोटी सिरिंज माझ्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत.

सगळे ध्यानात राहिले. अडले ते एकाच शब्दावर, अंड्यावर. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पंढरपुरात, आषाढीला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी घातलेली. आमच्या घरात अंडे कधी आलेले नाही. शेजारच्या चाचींकडे कोंबड्या आहेत, पण त्या कोंबड्यासुद्धा आमच्या अंगणात फिरकत नाहीत, इतका आजीचा दरारा. मी डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे तिला सांगितले. तिने बराच वेळ वाती वळल्या. मग म्हणाली, “मांजरानं कुठं माळ घातलीय? पन उंबऱ्याच्या आत नको. वसरीवर काय करायचं ते कर.”

असा निवाडा झाला. चाचींनी बलक फेटून वाटीत द्यायचा, मी वसरीवर बसून दुधात कालवायचा. पिलासाठी खोक्यात गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी रकाने आखले : तारीख, वेळ, किती दूध, वजन. डॉक्टर म्हणाले होते, रोज सुमारे दहा ग्रॅम वाढले पाहिजे. पहिल्या तीन दिवसांचे आकडे असे : १५०, १४५, १५०. दुकानाचा काटा पाच-पाच ग्रॅमनेच पुढे सरकतो, त्यामुळे त्या पाचाचाही भरवसा नव्हता.

आता पिलू गरम होते, धरण्याची रीत बरोबर होती, दूध कोमट होते. तरीही सिरिंजचे कडक टोक ओठाला लागले की ते मान फिरवायचे. दोन थेंब आत, चार हनुवटीवरून खाली. आजी आतून पाहत होती. तिसऱ्या रात्री ती बाहेर आली. आपल्या जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली एक चिंधी तिने पाण्यात उकळली, पिळली, तिची बारीक वात केली आणि सिरिंजच्या टोकावर बसवली. मग दुसरे ओले फडके घेऊन पिलाच्या कपाळावरून, कानामागून, हळूहळू पुसू लागली. “त्याला आधी आई आल्यासारखं वाटू दे की,” ती म्हणाली. पिलाचे पुढचे दोन्ही पाय हलू लागले, कणीक मळावी तसे. मग त्याने वात तोंडात घेतली. चुटूचुटू आवाज आला. मी दाबायच्या आधीच सिरिंजचा दट्ट्या आपोआप खाली सरकत होता.

चौथ्या दिवशीचा आकडा १६५.

ही युक्ती मी डॉक्टरांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, छान, पण चिंधी रोज नवी घ्या, दोरे सुटलेली नको. आजीला हे कळवल्यावर ती जरा फुगलीच. “मला सांगतोय व्हय डागदर!” म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीपासून चिंधीच्या कडा दुमडून, टाका घालून तयार असत.

रात्रीच्या दोनच्या पाळीला आजी आपणहून उठायची. थंडी कडाक्याची होती. एकदा अशीच वसरीवर बसली असताना म्हणाली, “तूबी अशीच. तोंड मिटून बसायचीस. तुझी माय फडात तापली, दूध आटलं. तुझ्या बापानं तुला दोन महिन्यांची हितं आनून ठिवली अन् दुसऱ्या गाडीनं माघारी गेला. बोळ्यानं पाजलं तुला. ह्याच शेळीच्या पणजीचं दूध.”

हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितले नव्हते. मी काही बोलले नाही. सिरिंज धुतली, उकळत्या पाण्यात टाकली आणि वहीत लिहिले : रात्री २.१०, ४ मि.लि.

अण्णांना मात्र हे पटले नव्हते. रात्री कोपीवरून त्यांचा फोन येई. पहिल्या दिवशी ऐकल्यावर ते म्हणाले, “हितं टोळीतल्या लेकरांना कोरा चहा मिळतोय, अन् तू मांजराला दूध पाजायलीस?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. ती लेकरे मी पाहिली आहेत. एक हंगाम मीही त्यांच्यातच काढला आहे. मी एवढेच म्हणाले, “अण्णा, माझ्या वाट्याचं देते.” त्यावर ते गप्प झाले. चार-पाच दिवसांनी फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, “किती भरलं आज?” मी म्हणाले, एकशे ऐंशी. मग ते रोजच विचारू लागले. दिवसभर टनांवर ऊस तोडणारा माणूस रात्री ग्रॅमचा हिशेब मागायचा. वजन पाचाने जरी कमी झाले तरी आईला आवाज देऊन सांगायचा.

याच दिवसांत आजीने एकदा दुधात गुळाचा खडा विरघळवून पाहिला. गोडाने तरी चार थेंब जास्त घेईल, हा तिचा विचार. पिलाला काही फरक पडला नाही. मी मोबाईलवर शोधले तेव्हा कारण सापडले : मांजराच्या जातीला गोड चवच कळत नाही. गोडी ओळखणारे जनुक या कुळात निकामी झालेले आहे, हे शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवले. ऊसतोड्याच्या घरी आलेल्या या पाहुण्याला साखर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते! आजीला हे सांगितल्यावर तिला त्याची इतकी कीव आली की तिने त्याला पहिल्यांदाच मांडीवर घेतले.

चार आठवड्यांचे होत आले तसे दात दिसू लागले. आता वाटीतून खायला शिकवायचे होते. दूध-भाकरीचा काला त्याने हुंगला आणि त्यात सरळ पाय घातला. त्यातच सर्दी झाली, नाक चोंदले, आणि खाणे एकदम बंद. मांजर वासावर जेवते; वास नाही तर भूकही नाही. सकाळी न्हाणीत पाणी तापले की मी त्याला घेऊन वाफेत बसायची, कोमट पाण्याच्या बोळ्याने नाक पुसायची, आणि उकडलेला बलक दुधात कुस्करून, चांगला वास सुटेल इतपत ऊन करून बोटावर द्यायची. दोन दिवसांनी त्याने बोट चाटले. नंतर बोट चावले. मांजराचे नुसत्या दूध-भाकरीवर भागत नाही, त्याला मांसातली काही द्रव्ये लागतातच, हेही तेव्हा कळले. टॉरिन नावाचे त्यातले एक द्रव्य कमी पडले तर मांजराचे हृदय खराब होते, असे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सिद्ध केले आहे. म्हणजे अंड्यावरही फार दिवस निभणार नव्हते. पण ते पुढचे पुढे.

आणि नेमकी परीक्षा आली. पाच दिवसांत चार पेपर. सकाळी आठची गाडी, परत यायला संध्याकाळचे पाच. चाची कापूस वेचायला जात होत्या, त्याही दिवसभर घरी नसायच्या. निघताना त्या उकडलेले अंडे वाटीखाली झाकून आमच्या वसरीच्या कडेला ठेवून जायच्या. मी आजीला म्हणाले, “दुपारी नुसतं दूध दिलंस तरी चालेल. संध्याकाळी आले की मी अंडं देते.” ती काहीच बोलली नाही. चुलीतली लाकडे पुढे सारत राहिली.

पहिल्या दिवशी पेपर लिहिताना माझे निम्मे लक्ष घड्याळाकडे होते. प्रश्न मराठवाडा मुक्तिसंग्रामावरचा होता, तो मला चांगला येत होता, पण १९४८ लिहिताना हातून १४८ लिहिले गेले आणि ते खोडताना हसू आले. घरी आले तेव्हा पिलू खोक्यात पोट तट्ट फुगवून झोपले होते. वसरीच्या कडेला वाटी घासून पालथी घातली होती. अंड्याचे टरफल कुठे दिसले नाही. माझी वही उघडी होती आणि त्या दिवसाच्या रकान्यात, वेळ लिहायच्या जागी, कोळशाने चार उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. जरा वाकड्या, पण रकान्याच्या बाहेर न गेलेल्या. आजीने आयुष्यात हातात पेन धरलेले नाही.

पिलाच्या मिशीला पिवळे काही वाळून चिकटले होते. आजी चुलीपाशी बसली होती. तिचे केस ओले होते. त्या थंडीत तिने दुसऱ्यांदा अंघोळ केली होती. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. पाचही दिवस रेघा चार-चार होत्या. शेवटच्या दिवशी पाच होत्या.

मार्चमध्ये आई-अण्णा आले. ट्रॅक्टरमधून भांडी, अंथरुणे, कोयते उतरवून झाले, तेव्हा पिलू, म्हणजे आता बोका म्हणायला हवे, वसरीवर बसून त्यांच्याकडे परक्यासारखे पाहत होते. तोवर त्याला उंदीर मिळू लागले होते आणि आमच्या घरची अंड्याची अडचण त्याने स्वतःच सोडवली होती. अण्णांनी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि काही न बोलता त्याला बखोटीला मारून दुकानाकडे निघाले. मी मागोमाग. काट्यावर ते काही केल्या बसेना, सारखे उतरायला पाहत होते. अण्णांनी एका हाताने त्याची मान खाजवली, तसे ते क्षणभर थांबले. काट्यावर दीड किलोचा आकडा आला.

“वजावट धरू नका हं, शेठ,” अण्णा म्हणाले.